‘हायब्रिडच आहे, मॅडम!’ असं सांगून ३,५४,२०० रुपये लुबाडले

आधी आकडाच सांगते: ३,५४,२०० रुपये. मी मागितलीच नव्हती अशा गाडीसाठी माझ्याकडून एवढे जास्तीचे पैसे घेतले गेले. घेणारे अजून त्याच शोरूममध्ये बसून पुढच्या गिऱ्हाइकाला कॉफी विचारताहेत, म्हणून हे लिहिते आहे.

शोरूमचे नेहमीचे प्रकार तुम्हाला ठाऊक असतीलच. विमा आमच्याकडूनच घ्या, ॲक्सेसरीज घेतल्या तर गाडी लवकर मिळेल, महिनाअखेर आहे, आज ठरवा. मलाही ते माहीत होतं आणि मी तयारीनेच गेले होते. मला फसवलं ते गाडीच्या आतल्या यंत्रणेत, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

२०२२ पासून आपल्याकडे काही मध्यम आकाराच्या एसयूव्ही एकाच नावाने, एकाच रूपात, पण स्ट्राँग आणि माइल्ड अशा दोन हायब्रिड प्रकारांत विकल्या जातात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये जास्त व्होल्टेजची बॅटरी आणि चाकं फिरवू शकणारी मोटर असते. ट्रॅफिकमध्ये रांगताना इंजिन बंद होतं आणि गाडी नुसत्या विजेवर सरकते. माइल्डमध्ये असतो तो पट्ट्यावर फिरणारा स्टार्टर-जनरेटर आणि एक छोटी बॅटरी. सिग्नलला इंजिन बंद होतं, वेग घेताना थोडासा जोर मिळतो, बस्स. विजेवर ती गाडी एक फूटसुद्धा जात नाही. माझं सगळं चालवणं गर्दीतलं आणि स्ट्राँगचा खरा फायदा तिथेच. हायवेवर तो फरक बराच कमी होतो. म्हणून जास्तीचे पैसे मोजायला मी राजी झाले. टेस्ट ड्राइव्ह स्ट्राँगची घेतली आणि २५,००० भरून बुकिंगही तिचंच केलं.

मग वेटिंग. आणि अगदी महिनाअखेरीला सेल्सवाल्याचा फोन: ‘मॅडम, एक बुकिंग रद्द झालंय. तुम्ही बघितलेलीच, हायब्रिड ऑटोमॅटिक, रंगही तोच. अलॉटमेंट आजच फिरवायला लागेल.’ त्या अलॉटमेंटचे, म्हणजे ती गाडी माझ्या नावावर वळवण्याचे, ३५,००० त्याने स्वतःच्या नंबरवर यूपीआयने मागवले. खासगी नंबरवर पैसे पाठवू नयेत हे मलाही कळतं. पण मी शोरूममध्ये गेले तेव्हा तो तिथल्याच टेबलावर बसला होता, गळ्यात ओळखपत्र होतं, आणि बाजूने जाणारा मॅनेजर ‘झालं का मॅडमचं?’ म्हणून विचारून गेला. अशा ठिकाणी कोण संशय घेईल? तरी सांगते, पावती शोरूमच्या नावाने नसेल तर एक रुपयाही देऊ नका, समोर कुणीही बसलेलं असो.

कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. एक्स-शोरूम १७,२०,०००, आणि पुढे लिहिलेलं ‘हायब्रिड एटी’. सही करायच्या फॉर्मवर व्हेरिएंटच्या जागी अक्षरं आणि आकड्यांचा एक कोड होता. तो कोड कंपनीच्या माहितीपत्रकाशी ताडून बघितल्याशिवाय सही करू नका. मला माहितीपत्रक दिलंच नव्हतं. ‘संपलंय, पीडीएफ पाठवतो’ म्हणाला.

आता डिलिव्हरीची संध्याकाळ. ती आठवली की अजून अंगाचा तिळपापड होतो. मी बटण दाबलं आणि इंजिन घरघरून सुरू झालं. टेस्ट ड्राइव्हच्या गाडीत आवाजच नव्हता, नुसता ‘रेडी’चा दिवा लागला होता. समोर आरपीएमचा काटा हलत होता. त्या गाडीत काटाच नव्हता, चार्ज आणि पॉवर दाखवणारं मीटर होतं. ईव्ही मोडचं बटणही दिसेना. मी विचारलं. मोठ्याने, सगळ्यांसमोर विचारलं. प्रश्न माझा, गाडी माझ्या नावावर, आणि त्याने उत्तर दिलं माझ्या नवऱ्याकडे बघून: ‘सर, गाडी यार्डात उभी होती ना, बॅटरी उतरलीय. दोन-चार दिवस चालवलीत की येईल ईव्हीवर. हायब्रिडच आहे, मॅडम!’ घरातली सगळी फोटोसाठी उभी, बँकेने पैसे आधीच सोडलेले, गाडीच्या मागे ‘हायब्रिड’चा बिल्ला चमकतोय. त्या क्षणी चावी टेबलावर ठेवून बाहेर पडायला हवं होतं. पण बॅटरी उतरली असेल हे काही अशक्य कारण नाही, आणि गाडी विकणाऱ्यानेच सांगितलेलं खोटं मानायचं तरी कशावरून?

ॲव्हरेज बाराच्या वर जाईना. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने बॉनेट उघडून सरळ विचारलं, ‘ताई, यात नारिंगी केबल कुठाय?’ जास्त व्होल्टेजच्या जाड केबल नारिंगी रंगाच्या असतात. माझ्या गाडीत एकही नाही, म्हणजे मला माइल्डच गळ्यात मारली होती. हे बघायला इंजिनिअर लागत नाही. यार्डात जा, बॉनेट उघडायला लावा आणि बघा, पण बँकेने पैसे सोडायच्या आधी.

पक्कं बिल ‘आरसीबरोबर देतो’ म्हणून लांबवलं होतं. भांडून मिळवलं तेव्हा एक्स-शोरूम किंमत निघाली १४,३५,०००. मधले २,८५,००० असे मुरवले होते: ॲक्सेसरीज पॅकेज १,१८,०००, वाढीव वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज ७४,५००, कोटिंग ५२,५००, हँडलिंग आणि लॉजिस्टिक ४०,०००. रोड टॅक्स माझ्याकडून १७,२०,००० वर घेतला आणि भरला १४,३५,००० वर, म्हणजे आणखी ३४,२००. वर ते अलॉटमेंटचे ३५,०००. टॅक्सची पावती स्वतः मागून घ्या, ती बिलाशी जुळवा.

मॅनेजर म्हणाला, ‘सही तुमचीच आहे ना?’ कंपनीच्या कस्टमर केअरने कळवलं की डीलर हा स्वतंत्र व्यावसायिक आहे. मग बिल्ला कुणाचा, जाहिरात कुणाची? पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘गाडी मिळाली ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.’ भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ चं नाव काढलं तर ‘वकील करा’. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगितलं की पैसे तुम्हीच ओळखीच्या माणसाला पाठवलेत. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनने तक्रार कंपनीकडे पाठवली, कंपनीने ‘ऑर्डरप्रमाणे वाहन दिले’ एवढं एक वाक्य लिहिलं, आणि तक्रार निकाली! मला एक फोन नाही, एक कागद मागितला नाही. आरटीओत सांगितलं, आमचं काम नोंदणीचं. त्यांच्याच ‘वाहन’ प्रणालीत ‘स्ट्राँग हायब्रिड ईव्ही’ असा वेगळा प्रकार आहे, माझ्या आरसीवर नुसतं ‘पेट्रोल/हायब्रिड’ आहे. तुमच्या हातात आरसी आली की ती ओळ आधी वाचा. बँकेला तर ऐकायचंच नाही, हप्ता चुकला तर मात्र दिवस मावळायच्या आत फोन येतो. प्रत्येक खिडकीवरचा माणूस पुढची खिडकी दाखवतो, आणि एवढ्या फेऱ्या मारून माणूस थकेल यावरच शोरूमवाले निर्धास्त आहेत.

मी थकलेले नाही. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तिथेच जाता येतं, मुदत दोन वर्षांची. व्हॉट्सॲपवरचं कोटेशन, यूपीआयचा स्क्रीनशॉट, बिल, टॅक्सची पावती आणि बॉनेटखालचे फोटो जोडले आहेत. त्या सेल्सवाल्याचे मेसेज मी एकही पुसलेला नव्हता, तुम्हीही पुसू नका. आणि फोनवर जे बोलणं होईल ते लगेच मेसेज करून त्याच्याकडून ‘हो’ म्हणवून घ्या. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे वाढ देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्येच सांगितलंय. शोरूमला नोटीस पोचल्याची पोच माझ्याकडे आहे. परवा मॅनेजरचा फोन आला होता: ‘मॅडम, ५०,००० घ्या आणि तक्रार मागे घ्या.’ मी त्याला पूर्ण आकडा सांगितला, व्याजासकट, आणि तोच मेसेज करून लेखीही पाठवला.