मेग्वायर्स एम२०५: होलोग्राम काढायला कितपत उपयोगी?

काळ्या गाडीवर उन्हात सरकल्यासारखे चमकणारे पट्टे दिसतात, तेच होलोग्राम; ते बहुतेक वेळा रोटरी मशीन (पॅड एकाच अक्षावर गरगर फिरवणारे पॉलिशर) आणि लोकरी पॅडचे काम. कंपाउंडनंतरचा (म्हणजे ओरखडे घासून काढणाऱ्या खरखरीत पॉलिशनंतरचा) फिनिशिंगचा टप्पा गाळला की हे होतेच. एम२०५ हे बारीक पॉलिश त्याच टप्प्यासाठी आहे आणि तिथे ते चोख काम करते. खोल ओरखड्यांसाठी मात्र नाही.

मऊ फोम पॅड, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन (पॅड फिरवतानाच डोलवणारे), वाटाण्याएवढे तीन-चार थेंब. सुमारे ४५ × ४५ सेंमीचा भाग घ्या. वेग मध्यम, हात सावकाश, प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर निम्मी चढवून चार-पाच उभ्या-आडव्या फेऱ्या. शेवटच्या दोन फेऱ्यांत दाब जवळजवळ नकोच. दर भागानंतर पॅड ब्रशने साफ करा. भरलेला पॅड स्वतःच नवे पट्टे पाडतो.

गोव्यातली लाल धूळ आधी धुऊन, क्ले बारने (रंगावर चिकटलेली घाण उचलणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीने) काढा. तापलेल्या बॉनेटवर पॉलिश सुकते, म्हणून सावलीतच करा.

तक्रार एकच: यातले तेल पट्टे झाकते. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसा, मग टॉर्च तिरकी धरून बघा. वॅक्स त्यानंतर.