अंगठा उठत नसेल तर: आधारचं बोट, डोळा आणि चेहरा, वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

वडील शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होते, आता ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफवाल्या कामगारांच्या योजनेची, पेन्शन घेतात. आई अजूनही घरबसल्या कोल्हापुरी चपलांच्या वेण्या विणते. दोघांच्याही बोटांवर रेषा फारशा उरलेल्या नाहीत. एकाच्या वाळूनं नेल्या, दुसरीच्या चामड्यानं आणि दोऱ्यानं. गेलं वर्षभर दोघांचं रेशन, पेन्शन, बँक सगळं मीच बघतोय. त्यामुळं आधारची बोटाची, डोळ्याची आणि चेहऱ्याची अशी तिन्ही पडताळणी नीट वापरून झाली. कोल्हापुरात फौंड्री, गुऱ्हाळ, चामडं, हुपरीची चांदी अशा कामांत हात झिजवलेली माणसं घरोघरी आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी बोटाचं. रेशन दुकानात आईची पाळी आली की ती पदराला अंगठा पुसते, मग केसांवरनं फिरवते, म्हणजे जरा तेलकटपणा येतो. मशीनवर ठेवते. जुळत नाही. मागनं कुणीतरी म्हणतं, "काकू, दाबून धरा." ती आणखी दाबते, आणि तिथंच बिघडतं. जोरात दाबलं की उरल्यासुरल्या रेषाही पसरून एकमेकींत मिसळतात. कोरडं बोटही नीट उठत नाही. हात धुऊन, पुसून, किंचित ओलसर बोट हलकंच टेकवलं तर निदान संधी असते.

दुसरं म्हणजे अंगठाच लावला पाहिजे असं कुठंही नाही. आधारला दहाही बोटं नोंदलेली असतात, त्यातलं कुठलंही चालतं. वडिलांना घेऊन एका आधार केंद्रात गेलो होतो, तिथल्या पोरानं शांतपणे एकेक बोट लावून बघितलं. डाव्या हाताची अनामिका पहिल्याच खेपेला उठली! साच्याच्या कामात त्या बोटावर कमी घासण झाली असावी. तेव्हापासून वडील कुठंही गेले की आधी तेच बोट पुढं करतात. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांचं चालणारं बोट एकदा शोधून ठेवा.

डोळ्याचा अनुभव सगळ्यात चांगला. आमच्या दुकानात डोळ्याचा स्कॅनर असलेलं मशीन आलं आणि आईचं रेशन एका झटक्यात मिळायला लागलं. बुबुळाभोवतीची जाळी जन्माआधीच तयार होते आणि वर पारदर्शक पडदा असल्यानं कामानं झिजत नाही. जुळ्या भावंडांची सोडाच, एकाच माणसाच्या दोन डोळ्यांचीही जाळी सारखी नसते. फक्त चष्मा काढायचा, पापणी नीट उघडी ठेवायची आणि दाराकडं पाठ करून उभं राहायचं, कारण बाहेरचं ऊन स्कॅनरला त्रास देतं. पण दुकानदारानं आपणहून डोळ्याचं विचारलं असं क्वचितच होतं. अंगठा चारदा नापास झाला तरी पाचव्यांदा अंगठाच. शेवटी मीच म्हणतो, "दादा, डोळा घ्या की."

चेहऱ्याची पडताळणी मी वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी वापरली, पेन्शन चालू राहायला तो दरवर्षी द्यावा लागतो. जीवन प्रमाण, म्हणजे हा दाखला ऑनलाइन द्यायची सोय, 2014 साली सुरू झाली तेव्हा बोट किंवा डोळा वाचणारं यंत्र लागायचं, आता साध्या स्मार्टफोनवर होतं. खिडकीसमोर खुर्ची ठेवली, वडिलांना बसवलं, स्क्रीनवरच्या गोलात चेहरा आणला आणि डोळ्यांची उघडझाप करायला सांगितलं. समोर फोटो नसून जिवंत माणूस आहे हे ॲप त्यावरनं ओळखतं. ट्यूबलाईटखाली झालं नव्हतं, खिडकीच्या उजेडात झालं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जिना चढावा लागला नाही, एवढ्यासाठीच मी याला पैकीच्या पैकी मार्क देईन. रेशनची ई-केवायसीही चेहऱ्यानं घरबसल्या होते.

नोंदणीच्या वेळी दहा बोटं, दोन्ही बुबुळं आणि फोटो एवढं सगळं का घेतात, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबारच्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हापासून पद्धत हीच आहे. नोंदणीत नवा माणूस आधीच्या सगळ्यांशी ताडून बघतात, आणि संख्या कोट्यवधींत गेली की नुसत्या बोटांवर भागत नाही, चुकीच्या जुळण्या वाढतात. रेशन दुकानात मात्र तुमची तुलना फक्त तुमच्याच नोंदीशी होते. तिथं एक खूण साथ देत नसेल तर दुसरी चालायला काहीच हरकत नसावी. इतकी माहिती सरकारनं घेतली आहे, तर तिचा फायदा काउंटरवरच्या माणसाला मिळालाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

सुरक्षेबाबत एक तक्रार. 2018 मध्ये तेलंगणात जमिनीच्या दस्तांवरचे ठसे वापरून नकली अंगठे बनवल्याचं प्रकरण उघड झालं. ते वाचल्यापासून मी दोघांचं बायोमेट्रिक लॉक ठेवतो, म्हणजे उघडल्याशिवाय आधारची पडताळणी कुणालाच करता येत नाही. पण लॉक केलं की बोट, डोळा, चेहरा तिन्ही एकदम बंद होतात. बोटं बंद आणि डोळा चालू, अशी सोय हवी होती, कारण नकली बनवायला बोटच सोपं. आता रेशनला जाताना फोनवरनं थोड्या वेळापुरतं उघडावं लागतं. विसरलात तर 330 नंबरची एरर येते आणि बोटच खराब आहे असा समज होतो. ज्या आजीकडं फोन नाही तिनं काय करायचं?

आणि तिन्ही खुणा चालल्या नाहीत तर? आधारवरच्या 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं पडताळणी फसली म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये असं म्हटलं आहे. एकदा माझ्यासमोर एका मावशींना "पुढच्या महिन्यात या" म्हणून परत पाठवलं. मोतीबिंदू वाढलेला, अंगठा गुळगुळीत. मी ओटीपीवर होतं का विचारलं, तर त्यांचा नंबरच लिंक नव्हता. पाच किलो धान्यासाठी पायपीट करून आलेल्या बाईला रिकाम्या पिशवीनं जाताना बघणं फार जिव्हारी लागलं. त्या मावशींचा नंबर आम्ही दुसऱ्या दिवशी केंद्रात जाऊन जोडून घेतला.

घरात झिजल्या हातांचं कुणी असेल तर तीन कामं आजच करा: मोबाईल नंबर लिंक आहे का बघा, चालणारं बोट शोधा, आणि नोंदणी जुनी असेल तर बायोमेट्रिक अपडेट करून घ्या, 125 रुपये लागतात. आईची नोंदणी जुनी आहे. चपलांच्या ऑर्डरी कमी झाल्या की तिला आठ-दहा दिवस वेण्यांपासून सुट्टी देणार, हाताला तेल लावणार, आणि मग अपडेटला नेणार. बोटं जरा भरून आल्यावर उठलेला ठसा पुढं बरा चालेल असं वाटतंय.