पाच लिटरची तोटीवाली काचेची बरणी: बरणी चांगली, वायसर लगेच बदला

सफरचंदाचं व्हिनेगर घरी घालायला ही बरणी ऑनलाइन मागवली, झाकणात एअरलॉकचं (आतला गॅस बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची छोटी नळी) भोक पाडूनच येते. काच जाड आहे, तोंड एवढं रुंद की हात आत घालून घासता येतं आणि तोटी बुडापासून थोडी वर असल्यानं यीस्टचा गाळ न ढवळता वरचं निवळ काढता येतं. याचे तीन स्टार. दोन कापले ते गळतीला.

तोटीखालचा पाझर मला दिसलाच नाही, मुंग्यांनी दाखवला. थेंब पडतच नाही, रस काचेवरच चिकट होऊन बसतो आणि कट्ट्यावरून काळी रांग थेट तोटीच्या नटापर्यंत! सोबत आलेला वायसर अगदी कडक आहे, काच गोल आणि वायसर सपाट, मग फट राहणारच ना. टेफ्लॉन टेप गुंडाळा असं बरेच जण सांगतात, पण इथं रस आट्यांवर अडत नाही, वायसर आणि काच जिथं टेकतात तिथं अडतो, त्यामुळं टेपनं काय फरक पडत नाही. नट आवळत बसलं तर काच तडकायची भीती, आणि बाहेरून एमसील थापलं तर तोटी परत सोडवून धुता येत नाही, आत रस अडकून कुजतो.

मग सरळ तोटी पिशवीत घालून कारखान्यांचा भाग, उद्यमनगर गाठलं. तिथं सील आणि ओ-रिंगवाले आहेत, कारखान्यांना माल देणारी माणसं पण एका वायसरसाठी सुद्धा नीट माप घेऊन देतात. "काकू, काळं रबर नको, वास मारतंय, फूड ग्रेड सिलिकॉनचाच न्या" असं दुकानदारानंच सांगितलं. जाड मऊ वायसर आतून, पातळ बाहेरून, नट हातानंच आवळला, पान्याची गरज नाही. साधं पाणी भरून बरणी रात्रभर पुढारीच्या कागदावर ठेवली, सकाळी कागद कोरडा. रस घालायच्या आधी ही टेस्ट कराच. आणि तोटी उकळत्या पाण्यात टाकू नका, प्लास्टिक वाकतं आणि परत गळती.

झाकणाकडं पण बघा. एअरलॉकला बुडबुडे नाहीत म्हणून रस ओतून देऊ नका, भोकातलं रबर सैल असलं की गॅस कडेनं निघून जातो, साबणाचं पाणी लावा, फुगे येतील तिथं फट. आत काय चाललंय ते हायड्रोमीटरच सांगतो, म्हणजे रसात तरंगवून त्याची घनता मोजायची काचेची नळी, ताजा रस १.०५० च्या आसपास असतो (साधं पाणी १.०००), साखर संपली की १.००० किंवा त्याच्याही खाली. फसफस जोरात असते तोवर गॅसच हवेला बाहेर ठेवतो, जोर ओसरला की त्याच फटीतून हवा आणि चिलटं आत. साखर संपायच्या आधीच व्हिनेगर व्हायला लागलं तर ॲसिडमुळं यीस्ट मंदावतं आणि साखर तशीच राहते. व्हिनेगरला हवा लागते ती दुसऱ्या टप्प्यात, यीस्टनं साखरेचं अल्कोहोल करून झाल्यावर, तेव्हा झाकण काढून कापडच बांधायचं असतं.

तोटीच बदलणार असाल तर पितळेची अजिबात नको, व्हिनेगर पितळ खातं. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घ्या, पण जाताना भोकाचं माप घेऊन जा.