सोसायट्यांचा रूट घ्यावा की पेठांचा?

पुण्यात पार्सल पोचवण्याच्या कामात थोडं रुळलं की हा प्रश्न येतोच. वाकड, पिंपळे सौदागरकडच्या मोठ्या सोसायट्या धरायच्या, की सदाशिव, नारायण, शनिवार पेठेतल्या गल्ल्या? मी आधी सोसायट्यांकडच्या हबला, म्हणजे रोजची पार्सलं जिथून वाटायला मिळतात तिथे, होतो, आता पेठेत आहे. दोन्हीकडे पैसे नगावरच, म्हणजे पोचवलेल्या पार्सलमागे, त्यामुळे दिवसाचा आकडा आणि गिऱ्हाइकाचं समाधान यांची ओढाताण दोन्हीकडे आहे. पण ती वेगळ्या ठिकाणी होते, आणि निवड करताना तेच बघावं असं मला वाटतं.

आकड्याचं म्हणाल तर कागदावर सोसायटी जिंकते. पत्ता सरळ असतो, टॉवर आणि फ्लॅट नंबर. मॅप गेटपर्यंत आणून सोडतो, गाडी एकदा लावायची आणि लिफ्टने वर जाऊन एकेक मजला उतरत यायचं. पेठेत ४११०३० हा पिनकोड लिहिलेला असतो, पुढे एक सिटी सर्व्हे नंबर, आणि तो नंबर शेजारच्या घराच्या नंबरानंतरचाच असेल याची काही खात्री नाही. तिथे ‘पत्र्या मारुतीजवळ’ किंवा ‘खुन्या मुरलीधराच्या मागे’ हाच खरा पत्ता. नव्या माणसाला हे जड जातं. पहिल्यांदाच काम धरत असाल तर सुरुवात सोसायटीत केलेली बरी.

मग मी पेठ का धरली? गेटमुळे.

सोसायटीच्या गेटवर सिक्युरिटीवाला ॲपमध्ये तुमची एंट्री टाकतो आणि वरच्या घरी मंजुरीसाठी सूचना जाते. घरचा माणूस ऑफिसच्या कॉलवर असतो, सूचना तशीच पडून राहते. तुम्ही फोन लावता. कंपनीच्या ॲपमधून लावलेला फोन समोर अनोळखी नंबर म्हणून दिसतो, आणि हल्ली अनोळखी नंबर कोण उचलतं? सिक्युरिटीवाला म्हणतो, ‘अप्रूव्ह आलं नाही, बाजूला थांबा.’ त्याचीही नोकरी आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. पण डोक्यावर ऊन, पाठीवर भरलेली बॅग, आणि रनशीटवरचे, म्हणजे दिवसाच्या यादीतले, नग तसेच. पुढच्या टॉवरसाठी, पुढच्या सोसायटीत हेच परत.

आता तुमच्यापुढे दोनच रस्ते उरतात. पार्सल गेटवर ठेवून पुढे गेलात तर आकडा सांभाळला जातो, पण संध्याकाळी तक्रार येते की माल दारात दिला नाही. ‘कस्टमर उपलब्ध नाही’ टाकलंत तर खोटा अटेम्प्ट दाखवला म्हणून तक्रार, आणि तोच नग उद्या परत बॅगेत. आमच्याकडे फुकट गेलेल्या चकरेचे पैसे मिळत नव्हते. गिऱ्हाईक घरातच होतं, मीही गेटपर्यंत पोचलो होतो, तरी दोघांचंही नुकसान. माझ्या हातात नसलेल्या गोष्टीवरून माझं रेटिंग ठरावं, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. सर्व्हिस लिफ्टची वाट पाहणं वगैरे त्यामानाने किरकोळ.

पेठेत वेळ जातोच, पण तो तुमच्या हातात राहतो. जिन्याखालून हाक मारली की कोणीतरी गॅलरीत येतं. घरी कुणी नसेल तर समोरच्या किराणावाल्याकडे ठेवा असं गिऱ्हाईकच फोनवर सांगतं, ओटीपी देतं, आणि नग पहिल्याच फेरीत सुटतो. काही घरांतून अजून दोरीला पिशवी बांधून खाली सोडतात. नारायण पेठेतल्या एका वाड्यातल्या आजींना मोबाइलवरचा ओटीपी सापडत नसे. त्या चष्मा शोधायच्या, मेसेज उघडायच्या, आणि एकेक आकडा मोठ्याने वाचायच्या. तिथे पाच मिनिटं सहज जात. पण त्या मला ओळखायला लागल्यावर माझी गाडी गल्लीत शिरताच फोन हातात घेऊन गॅलरीत उभ्या राहू लागल्या. सोसायटीत हजार फ्लॅट असतात, तिथे अशी ओळख व्हायला बराच काळ जातो. निदान माझी तरी झाली नाही.

पेठेचे त्रासही सांगायला हवेत. जुन्या इमारतींना लिफ्ट नाही, जिने अरुंद, आणि पिठाच्या पिशव्या, मांजरांच्या वाळूची पोती मागवणारे लोक नेमके तिसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांची कुरकूर असेल तर पेठ धरू नका, हे अगदी मनापासून सांगतो. पी १, पी २ पार्किंगमध्ये तारखेप्रमाणे रस्त्याच्या एकाच बाजूला गाडी लावायची असते; सम-विषम तारीख विसरलात तर दुचाकी टोइंगवाल्यांच्या टेम्पोत. दुपारी एक ते चार अनेक दुकानांची शटर खाली, म्हणून दुकानांचे नग सकाळीच उरकायचे आणि दुपार घरांसाठी ठेवायची. गणपतीत रस्ते रोज कुठे ना कुठे बंद असतात. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, केळकर, कुमठेकर आणि टिळक या चारही रस्त्यांवर मिरवणुका असतात आणि दुसऱ्या दिवशीही लवकर आटपत नाहीत. त्या दोन दिवसांची कमाई धरायचीच नाही.

दिवाळीच्या सेलमध्ये मात्र सोसायटीचा आकडा पेठेला गाठता येत नाही हे मान्य. एकेका टॉवरचा ढीग असतो आणि लोकही माल येणार म्हणून मंजुरी आधीच देऊन ठेवतात. तुम्हाला त्या महिन्याच्या इन्सेंटिव्हवर घराचा मोठा खर्च भागवायचा असेल, तर तिकडे राहण्यात अर्थ आहे. तुमच्या भागातल्या सोसायट्यांचं गेट माझ्यापेक्षा सुरळीत चालत असेल, तर माझा हिशोब तुम्हाला लागू होणारही नाही. आधी तिथल्या एखाद्या जुन्या रायडरला विचारा की दिवसाअखेर किती नग परत येतात. किती नग नेतो ते तो आपणहून सांगेल, परतीचे किती ते तुम्ही खोदून विचारायला हवं.

आणि पेठ मागायचं ठरलंच, तर रूट घेतानाच हब मॅनेजरशी बोलून घ्या की जड पेट्या टेम्पोने जातील, दुचाकीवर नाही. नंतर ते कोणी ऐकत नाही.