डार्क सर्कल्सच्या लेझरला ४२ हजार घातले, डाग वाढवून घेतले

मी ठाण्यात राहते, वय ३६. माझे डोळे कॉलेजपासूनच खोल, आईचे तसेच, आजीचे पण तसेच, त्याचं कधी फार काही वाटलं नव्हतं. पण मागच्या वर्षी नणंदेच्या साखरपुड्यात तिघीजणींनी पाठोपाठ विचारलं, "वहिनी, बरं नाही का? झोप होत नाही का?" आणि ते डोक्यात बसलं. त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली, ६ सिटिंगमध्ये डार्क सर्कल्स गायब, कन्सल्टेशन फ्री. फ्रीच आहे तर बघून येऊ म्हणून गेले आणि तिथेच माती खाल्ली.

आधी भेटली ती काउन्सेलर, पण अंगात पांढरा कोट त्यामुळे मला वाटलं डॉक्टरच. अ‍ॅलर्जी आहे का, गोळ्या चालू आहेत का, हिमोग्लोबिन किती, काही म्हणजे काही विचारलं नाही. बरोबर ट्यूबलाइटच्या खाली खुर्चीत बसवून फोटो काढला आणि टॅबवर माझेच डोळे एवढे मोठे करून दाखवले की बघून मलाच रडू यायला लागलं. मग रेट ७० हजार, पण आज बुक केलं तर ४२. घरी विचारून सांगते म्हटलं तर म्हणे, "मॅम, स्वतःसाठी पण परवानगी लागते का?" झालं, इगो दुखावला. नो कॉस्ट ईएमआय, महिना ३,५०० फक्त, एक ओटीपी येईल तेवढा सांगा. सांगितला. तो क्लिनिकचा हप्ता नव्हताच, माझ्या नावावर एका फायनान्स कंपनीचं लोन झालं होतं, म्हणजे क्लिनिकला त्यांचे पैसे मिळून मोकळे आणि मी ट्रीटमेंट अर्ध्यात सोडली तरी हप्ता काही सुटत नाही. हे मला कळलं चार महिन्यांनी.

लेझर करायला बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी. डॉक्टर कुठेत तर "येतायत". डोळ्यांवर ओल्या कापसाचे दोन बोळे ठेवले आणि सुरू. डोळे घट्ट मिटलेले असून प्रत्येक टक् आवाजाबरोबर आत उजेड चमकायचा आणि बारीक केस जळल्यासारखा वास. मला वाटलं असंच असतं.

तिसऱ्या सिटिंगनंतर उजव्या डोळ्याखाली खपली धरली, ती पडली आणि खाली आधीपेक्षा काळे ठिपके. "हीलिंग आहे मॅम, होतं असं." वर आफ्टर फोटो काढला, यावेळी खिडकीजवळ उभं करून, समोर रिंग लाइट. घरी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघितले तर डोळे सोडाच, माझे कानातले पण गोरे झाले होते!

शेवटी सरकारी हॉस्पिटलच्या स्किन ओपीडीत नंबर लावला. तिथल्या मॅडमनी हातात आरसा दिला आणि म्हणाल्या, मान वर करून खिडकीकडे बघा. काळेपणा निम्मा गेला! "हा खड्डा आहे, त्याची सावली पडते. सावलीला लेझर मारून काय होणार?" बाकीचं काळं धुळीच्या अ‍ॅलर्जीने मी सतत डोळे चोळते त्याचं. कुणाचं पातळ कातडीतून रक्तवाहिन्या दिसून निळसर असतं, कुणाचं खरंच पिगमेंट असतं, त्यात कधी कधी लेझर देतात पण आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त, सेटिंग चुकलं की उष्णतेने उलट डाग पडतात, माझं तेच झालं होतं. कापसाचं ऐकून तर त्या खुर्चीतून उठल्याच. डोळ्याच्या इतक्या जवळ लेझर असेल तर मेटलची शील्ड घालावी लागते, नाहीतर नजरेवर बेतू शकतं. कुठलं लेझर, किती पॉवर असं विचारलं त्यांनी, माझ्याकडच्या कागदावर नुसतं "लेझर सिटिंग ३" आणि एक सही, तीही कोणाची देव जाणे.

तुम्ही कुठे जाणार असाल तर आत शिरण्याआधी डॉक्टरचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर मागा, महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलच्या साइटवर बघता येतो, आणि डिग्री त्वचारोगाची आहे का ते बघा, एमडी किंवा डीव्हीडी वगैरे. कॉस्मेटॉलॉजिस्ट लिहिलं म्हणजे स्किनचा डॉक्टर असं नाही. आणि ओटीपी, बायांनो, ओटीपी देऊ नका, कितीही गोड बोलू देत.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, आता जिल्हा ग्राहक आयोगाची तयारी चाललीये, भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही आणि तक्रार घटनेपासून २ वर्षांच्या आत करावी लागते. वकील म्हणाले दोन्ही फोटो जपून ठेवा, कानातल्यांसकट. मॅडमनी सनस्क्रीन, अ‍ॅलर्जीची गोळी आणि रात्रीचं एक क्रीम दिलंय, ठिपके जरा फिके झालेत. हप्ते अजून तीन बाकी आहेत, पाच तारखेला कापले जातात.