गुऱ्हाळावर के-टाइप थर्मामीटर: अख्खा हंगाम वापरल्यावर

कराड तालुक्यातल्या आमच्या गुऱ्हाळावर यंदा दिवाळीनंतर चरक सुरू झाला, तेव्हाच काहिलीसाठी (उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईसाठी) डिजिटल थर्मामीटर घेतला. आता चुलवाण (काहिलीखालची भट्टी) थंड पडलंय. गुऱ्हाळवाले बरेच जण विचारतात की ‘हे यंत्र घ्यावं का, गुळव्याचं, म्हणजे पाक कधी उतरवायचा ते ठरवणाऱ्या कारागिराचं, काम होतं का त्यानं?’ माझं उत्तर असं: घ्या, पण खोक्यातल्या कागदावरचा आकडा आपल्या काहिलीला लावू नका. आपला आकडा आपल्याच गुऱ्हाळावर शोधावा लागतो.

आधी वस्तू काय आहे ते. हातात मावेल एवढा मीटर आणि त्याला वायरीनं जोडलेली स्टीलची लांब नळी. नळीच्या टोकाशी क्रोमेल आणि अ‍ॅल्युमेल अशा दोन मिश्रधातूंच्या तारा जोडलेल्या असतात. सांधा तापला की किंचित व्होल्टेज तयार होतं, अंशाला साधारण ४१ मायक्रोव्होल्ट. सीबेक या शास्त्रज्ञानं ही गोष्ट १८२१ मध्ये दाखवली, आणि के-टाइप थर्मोकपल, म्हणजे ही तारांची जोडी, त्यावरच चालतं. हजार अंशांच्या वरही मोजतं, त्यामुळे काहिलीचा ताप त्याला काहीच नाही. काचेचा पाऱ्याचा थर्मामीटर मात्र गुऱ्हाळावर आणूच नये. एकदा फुटला की पारा पाकात, आणि ते अख्खं आधण, म्हणजे एका वेळचा काहिलीभर पाक, फेकण्याशिवाय इलाज नाही.

इन्फ्रारेड बंदूकही वापरून पाहिली. लांबून मोजता येतं म्हणून मोह होतो, पण ती फक्त वरचा थर बघते. काहिलीवर फेस आणि वाफ असते, त्यामुळे आकडा फेसाचा येतो, पाकाचा नाही. रिकाम्या चकचकीत भांड्यावर तर ती साफ चुकते, कारण चमकणारा धातू स्वतःची उष्णता कमी सोडतो आणि आजूबाजूची परावर्तित करतो. कपाळाला लावायच्या बंदुकीचा तर इथे उपयोगच नाही, ती तापाच्या आसपासचंच मोजते.

आता मुख्य मुद्दा. घट्ट गुळाला ११६ ते ११८ अंश आणि काकवीला (पातळ गुळाला) १०५-१०६ अंश, हे आकडे सगळीकडे सांगितले जातात. रस आटतो, पाणी कमी होतं, साखरेचं प्रमाण वाढतं आणि त्यासोबत उकळबिंदू चढतो. म्हणून अंश बघून पाक किती आटला ते कळतं. पण उकळबिंदू हवेच्या दाबावरही ठरतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर वर गेलं की पाणी एक अंश लवकर उकळतं. कराड साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला तर साडेपंच्याण्णवच्या आसपासच. मीटर उकळत्या पाण्यात घातला आणि ९८ दाखवले, म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. मीटर खरं बोलतोय. उलट आपल्याकडे १०० दाखवत असेल तर तो दोन अंश पुढे आहे.

हंगामाच्या आधी दोन तपासण्या कराच. बर्फ ठेचून त्यात थोडं पाणी घालायचं, ढवळत राहायचं, आकडा शून्याला यायला हवा. मग उकळतं पाणी. साध्या थर्मोकपलला दोन-अडीच अंशांचा फरक मान्य धरलेला असतो, आणि गुळात दोन अंश म्हणजे मऊ ढेप आणि करपट ढेप यातलं अंतर.

या हिशोबानं आमच्याकडे घट्ट गुळाचा आकडा ११४ ते ११६ मध्ये बसला, आणि तो गुळवे मामांच्या हातासमोर ठेवूनच बसवला. मामा फावड्यावरचा पाक गार पाण्यात सोडतात, बोटांनी गोळी वळतात आणि परातीच्या काठावर मारून बघतात. टण्ण वाजली की उतरायचं. सुरुवातीला मी “मामा, ११४ झालं” म्हणायचो आणि ते “थांब, गोळी बघू दे” म्हणायचे. पुढे तेच विचारायला लागले, “आकडा काय म्हणतोय रं?” कारण पहिले दोन तास पाक १०० च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी भराभर चढतो. त्या वेळी धुरात, वाफेत, रात्रीच्या आधणाला मीटरचा खरा आधार होतो. जाळ कधी ओढायचा हे गोळी वाजण्याआधीच कळतं.

पण ऊस बदलला की आकडा हलतो. चोपण (खारवट) रानातला किंवा तोडून दोन दिवस पडलेला ऊस असेल तर गूळ मऊ राहतो, तिथे मामा एखादा अंश जास्त चढवतात. हे मीटर सांगत नाही. हायड्रॉस (गुळाचा रंग उजळायची पावडर) न घालता गूळ करणाऱ्यांना मात्र मीटर जास्तच उपयोगी, कारण रंग गडद असतो आणि रंगावरून अंदाज बांधता येत नाही. काकवीला तर मी आता मीटरशिवाय हात लावणार नाही. तिथे गोळी होतच नाही, आणि जास्त आटली की बाटलीच्या तळाशी खडे धरते.

त्रासही झाला. पहिल्या नळीची वायर मुठीपाशी तुटली. गावातल्या एकाकडून जोडून आणली, तर काहील तापतेय आणि आकडा उतरतोय! दोन तारा उलट जोडल्या होत्या. शिवाय मधे तांब्याची वायर लावली होती, त्यानं मोजमापच बिघडतं. जोडवायर के-टाइपचीच लागते. शेवटी नवी नळी घेतली. मीटर चुलवाणाजवळ ठेवला की आकडा भटकतो, कारण तो स्वतःच्या जागेचं तापमान धरून हिशोब करतो. खांबाला, जाळापासून लांब टांगा. टोक तळाला टेकवू नका, नाहीतर पत्र्याचा ताप दिसतो. प्रत्येक आधणानंतर नळी गरम पाण्यानं धुवा, पाकाची पुटं चढली की आकडा उशिरा येतो.

घेताना नळी फूटभर तरी लांब, मूठ लाकडी किंवा जाड, वायर धातूच्या जाळीची बघा. स्क्रीनला मागून उजेड हवाच. बॅटरी नऊ व्होल्टची असेल तर एक जास्तीची खिशात ठेवा, आमची नेमकी पाक चढताना बसली होती. पुढच्या हंगामाला काकवीसाठी दुसरी नळी वेगळी घेणार आहे.