‘सीट्स लिमिटेड’ : कलादालनाचा वर्षाचा पास, अकरा महिन्यांनी

परवा पास रिन्यू करायचा मेसेज आला. जोडीचा पास गेल्या ऑगस्टात १,८०० रुपये होता, आता २,४००. म्हणून लिहायला बसले, नाहीतर दिवाळीपासून लिहीन लिहीन म्हणत राहिलंच होतं. दालनाचं नाव घालत नाही. आमचं भांडण अजून मिटलेलं नाही आणि तिथल्या पोरांची नोकरी घालवायची मला हौस नाही.

जागा संग्रहालय म्हणायला लहान, नुसतं दालन म्हणायला मोठी. खाली बदलती प्रदर्शनं, वर हॉल. पासात व्याख्यानं, चित्रकारासोबत फेरी, कार्यशाळा वगैरे काय काय येतं ते त्यांच्या पत्रकात आहे, ते परत उतरवून काढत नाही. मी वेगळंच सांगणार आहे. मी सांगणार आहे खुर्च्यांबद्दल.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं कुरकुरणं कुठून येतंय ते कळेल. ३१ वर्षं पतसंस्थेत कॅश सांभाळली. चित्रातलं शाळेत शिकवलं तेवढंच कळतं. पास काढला तो आत्यांमुळं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७९, माहेर इथल्याच, बेळगावच्या वडगावातलं, विणकराच्या घरचं. गुडघे गेलेत, पण घरात बसवत नाही. देवळात नेलं तर म्हणतात रोज तेच. म्हटलं, चला हे बघू.

प्रत्येक कार्यक्रमाच्या जाहिरातीत खाली ठळक अक्षरात असतं, ‘सीट्स लिमिटेड’. पहिल्या वेळी आम्ही पाऊण तास आधी गेलो. बाहेर ऑगस्टातला पाऊस, दारात छत्र्या ठेवायला पितळेचं देखणं स्टँड. आत वरच्या हॉलमध्ये एक पडदा, एक प्रोजेक्टर आणि शून्य खुर्च्या. कार्यक्रम बघणारी मुलगी हसून म्हणाली, “काकू, आमच्याकडं फ्लोअर सीटिंग असतं.” जमिनीवर दहा-बारा गाद्या होत्या, कॉलेजच्या पोरांनी त्या आधीच धरल्या होत्या. आत्या खाली बसल्या तर त्यांना उठवायला क्रेन लागेल. उभ्या राहिल्या, भिंतीला टेकून. तेवढ्यात गार्ड आला, भिंतीला टेकायचं नाही म्हणाला.

आणि व्याख्यान कशावर होतं? खुर्चीवर. खरंच. जोसेफ कोसुथ नावाच्या अमेरिकन कलावंताचं १९६५ सालचं काम दाखवत होते, न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे ते. एक साधी लाकडी खुर्ची, शेजारी त्याच खुर्चीचा फोटो, आणि पलीकडं शब्दकोशातला ‘खुर्ची’ या शब्दाचा अर्थ मोठा करून लावलेला. यातली खरी खुर्ची कुठली, असा प्रश्न. वक्ते चाळीस मिनिटं बोलले, चांगलं बोलले. आत्यांनी माझ्या दंडाला धरून कानात विचारलं, “तीन तीन खुर्च्या आहेत की गं. एक तरी इकडं दे म्हणावं.”

मी ती तक्रार लेखी दिली. उत्तर आलं : ‘दालनाचा दृश्यानुभव मोकळा राहावा म्हणून आसनव्यवस्था मर्यादित ठेवली आहे.’ हे वाक्य मला पाठ झालंय.

सप्टेंबरात नवज्योत अल्ताफ यांच्या कामावर स्लाइड शो झाला. मुंबईची ही चित्रकर्ती १९९० च्या दशकापासून बस्तरमध्ये कोंडागावला जाऊन तिथल्या आदिवासी कलावंतांबरोबर काम करते. तिथं त्यांनी गावातल्या हातपंपांभोवती बांधकामं केली, नलपार म्हणतात त्यांना. पाणी भरलेला हंडा एकदम जमिनीवरून डोक्यावर घेताना कंबर मोडते, म्हणून मधे टेकवायला उंच ओटा. ओटा म्हणजे ओटाच, पण शिल्पासारखा घडवलेला. हे मात्र माझ्या डोक्यात बसलं. कुणीतरी आधी बायांना विचारलं, हंडा कुठं टेकवता? आणि हे सगळं मी उभ्यानं ऐकलं, सव्वा तास. आत्या त्या दिवशी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, त्यांना पडदा दिसत नव्हता. घरी येताना रिक्षात मी सगळं सांगितलं. “म्हणजे त्या बाईला कळतंय,” म्हणाल्या.

ऑक्टोबरात पैशावरून वाजलं. मातीकामाची कार्यशाळा होती, कुंभार खानापूरचे. खानापूरच्या कौलांबद्दल, मातीबद्दल मी बेळगावकरांना काय सांगणार, खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्थासुद्धा तिथं आहे. पासात ‘सर्व कार्यशाळा मोफत’. दारात गेल्यावर ३५० रुपये माणशी. विचारलं तर ‘मटेरियल चार्ज’. मी म्हटलं, पावती द्या. पावतीपुस्तक नाही, यूपीआय करा, त्याचाच मेसेज पावती. मग पत्रकात ‘मोफत’च्या पुढं फुली मारा, म्हटलं. मागची माणसं चुळबुळ करायला लागली, एक जण म्हणाले, “सोडा की ओ, साडेतीनशेसाठी.” साडेतीनशे माणशी होते, आणि आम्ही दोघी होतो, म्हणजे सातशे. भरले. पावती तीन आठवड्यांनी आली, तिच्यावर माझं आडनाव चुकलेलं.

कार्यशाळा उत्तम झाली, हेही लिहायला हवं. कुंभारकाका चाकावर हात धरून शिकवत होते आणि मातीकामाला कमी उंचीची पाटं होती. आत्या पाटावर बसल्या. म्हणजे लाकडी बसायची वस्तू त्या इमारतीत होती! कार्यशाळा संपली तशी ती पाटं परत टेम्पोत चढली. कुंभाराची होती.

नोव्हेंबरात मी स्वतःचं घडीचं स्टूल घेतलं. खडेबाजारात ६४० सांगितलं, ५८० ला आणलं. पहिल्याच दिवशी गार्डनं अडवलं, लोखंडी पायांनी फरशीला ओरखडे येतील. बरं. म्हाताऱ्या माणसांच्या काठीला असतात तसली रबरी बुचं आणली, चार बुचं साठ रुपये. पुढच्या वेळी आत सोडलं. डिसेंबरात लंडनच्या टेट मॉडर्नवर कार्यक्रम होता, जुन्या वीजकेंद्राचं संग्रहालय झालं ते. आय वेवे या चिनी कलावंतानं तिथं २०१० साली चिनीमातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या, एकेक बी हातानं रंगवलेली. लोकांनी त्यावरून चालावं अशी कल्पना होती, पण धूळ उडायला लागली आणि थोड्याच दिवसांत चालणं बंद केलं. मी कॅशिअर, माझा पहिला प्रश्न : मोजल्या कुणी? वक्ते हसले, पण उत्तर दिलं, वजनावर हिशेब, दीडशे टन. मग त्याच दालनातला २००३ चा ऑलाफुर एलिअसनचा खोटा सूर्य दाखवला. छताला आरसे, आणि माणसं घोळक्यानं जमिनीवर उताणी पडून छतात स्वतःला बघत होती. ते चित्र पडद्यावर असतानाच आमचं स्टूल कट् करून बसलं. खिळा निसटला. आत्या माझ्या मांडीवर, मी शेजारच्या कॉलेजच्या पोराच्या बॅगेवर. लागलं काही नाही. ५८० अधिक ६०, ६४० रुपये पाण्यात.

इथपर्यंतचं मी जानेवारीत लिहून ठेवलं होतं आणि शेवटी ‘पास काढू नका’ असं होतं. ते आता खोडते. पण सगळं खोडत नाही.

त्याच महिन्यात दारापाशी चार लाकडी स्टुलं आली. चारच, पाठ नसलेली. त्यातल्या दोनांवर फोटो काढणारी पोरं कॅमेऱ्याच्या बॅगा ठेवतात. तरी आली. नंतर फेब्रुवारी आला.

फेब्रुवारीत धागा या विषयावर प्रदर्शन होतं. धारवाडकडची एक तरुण मुलगी, तिनं वडगाव-शहापूरच्या बंद पडलेल्या मागांवरून धागा गुंडाळायच्या जुन्या कांड्या गोळा करून छतापासून टांगल्या होत्या, शेकड्यांनी, लाल, हिरव्या, मोरपंखी. खालून बघितलं की पाऊस थांबल्यासारखा वाटायचा. ती मराठी-कानडी दोन्ही मिसळून बोलत होती, फेरीला पंधरा-वीस माणसं. (मांडणीशेजारचे फलक कानडी-इंग्रजीत होते. त्यावरून इथं कुणी सुरू करू नका, ते भांडण आपल्या सगळ्यांचं तोंडपाठ आहे. माझी तक्रार फलक गुडघ्याच्या उंचीवर लावतात याबद्दल आहे.) आत्या कांड्यांकडं बघत थांबल्या. मग म्हणाल्या, मोठ्यानं, “ह्या उलट्या भरल्यात.”

मी म्हटलं, हळू. त्या मुलीनं ऐकलं. “काय म्हणालात, आजी?”

“तू ह्या नवीन भरून घेतल्यास न्हवं? टोकाकडनं बुडाकडं भरल्यात. बुडाकडनं टोकाकडं भरायची. मग धोट्यात घातली की धागा टोकावरनं सुळकन सुटतो. ही मागावर घातलीस तर चार ठोक्यात तुटेल.” (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो.)

सगळी फेरी थांबली. मला घाम फुटला, कारण आमच्या घरी हा आवाज आला की पुढं अर्धा तास जातो. मुलगी म्हणाली, दाखवाल का? तिच्या सामानात कांड्या भरायचा एक रहाट होता, प्रदर्शनापुरता ठेवलेला. आणि त्या क्षणी तो भिंतीला टेकू न देणारा गार्ड स्वतःची प्लॅस्टिकची खुर्ची, पाठीची, हाताची, घेऊन आला. “कुंद्री, अज्जी.” आत्या बसल्या. ऑगस्टनंतर पहिल्यांदा त्या इमारतीत त्या नीट बसल्या.

पुढची वीस मिनिटं मी सासूबाईंना ओळखत नव्हते. ३४ वर्षं एका घरात आहोत. लग्नाआधी माहेरी त्या कांड्या भरायच्या हे माहीत होतं, पण ‘कांड्या भरायच्या’ हे नुसते शब्द होते. डाव्या हातात धागा, अंगठा आणि दोन बोटांत असा की जणू काही धरलेलंच नाही. रहाट फिरायला लागल्यावर बोटं बुडाकडून जराशी पुढं, जराशी मागं, पुढं, मागं, आणि रंगाचा थर टोकाकडं चढत गेला. मधे धागा तुटला. दोन्ही टोकं जिभेला लावून ओली केली, एका हातानं पीळ, गाठ, आणि लांबलेलं टोक दातानं तोडलं. गाठ कुठं आहे ते शोधून दाखवा म्हणाल्या. त्या मुलीनं बोट फिरवलं, मी फिरवलं, सापडली नाही. “सापडली तर ती लुगड्यात दिसेल, मग पैसे कापतात,” आत्या म्हणाल्या.

तीन कांड्या भरल्या. मुलीनं त्या इतरांच्या मधेच टांगल्या, वेगळ्या काढून नाही. कुठल्या तीन ते आम्हा दोघींना माहीत होतं आणि आम्ही नंतर दोनदा नुसत्या त्या बघायला गेलो.

ते बघून मला इथल्या नेहमीच्या वादाबद्दल एक सुचलं. चित्रकार के. बी. कुलकर्णींचं हे गाव, रवी परांजपे त्यांच्या हाताखाली शिकले. चित्र म्हणजे माणूस हुबेहूब उभा करणं, अशी आमच्या पिढीची समजूत, असलं टांगलेलं काही बघितलं की शेजारचे काका विचारतात, “ह्यात कला कुठाय गा?” मीही विचारायचे. आता मी विचारते, ह्यात काम कुणाचं आहे, आणि त्या माणसाला आत बोलावलंय का. बोलावलं असेल तर कार्यक्रम चांगला. नसेल तर नुसता चहा चांगला असतो, तोही हल्ली कागदी कपात अर्धाच देतात.

मे महिन्यात मुलीकडं बेंगळुरूला होतो. तिथं पॅलेस रोडला राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, जुन्या माणिक्यवेलू वाड्यात, २००९ पासून. तिकीट वीस रुपये. मोठी झाडं, बसायला भरपूर. आत्या तिथं दोन तास बसल्या आणि चित्रं साधारण पंधरा मिनिटं बघितली. “इथं बरं आहे,” म्हणाल्या, “पण कुणी काही विचारत नाही.” झालं. वीस रुपयांत आणि काय काय मागायचं.

आता हिशेब. अकरा महिन्यांत माझे १७ कार्यक्रम, आत्यांचे १२, मिळून २९. १,८०० भागिले २९, माणशी ६२ रुपये. मातीचे ७०० नि स्टुलाचे ६४० धरले तर १०८. शहापूरहून रिक्षा जाऊन-येऊन त्याहून जास्त पडते. म्हणजे पास महाग नाही, हे मला मान्य करावं लागतंय, २,४०० झाला तरी.

पण रिन्यू करायला फॉर्म उघडला आणि दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात वाचलं : ‘७५ वर्षांवरील व्यक्तींना प्रवेश व कार्यक्रम विनामूल्य.’ खाली नियम लागू झाल्याची तारीख, माझ्या पासाच्या आधीची. एकटीचा पास १,२०० चा होता. म्हणजे वर्षभर ६०० रुपये जास्त गेले आणि आत्यांना बघून कुणीही, त्या कार्यक्रमवाल्या मुलीसकट, एक शब्द बोललं नाही. फोन केला. परतावा देता येत नाही, पुढच्या वर्षीच्या पासात वळता करून देऊ, आधी वरिष्ठांना विचारावं लागेल. मी म्हटलं, वळता करू नका. सहाशेत पाठीची एक प्लॅस्टिकची खुर्ची येते, मी खडेबाजारात विचारून आले आहे. ती घ्या, वरच्या हॉलमध्ये ठेवा, आणि तिच्यावर कॅमेऱ्याची बॅग ठेवायची नाही असा कागद लावा, कानडीत, इंग्रजीत, कशातही.

‘विचारून कळवतो’ म्हणालेत. एकटीचा पास काढलाय. पुढचा कार्यक्रम शनिवारी आहे, गोकाकच्या लाकडी खेळण्यांवर, सीट्स लिमिटेड. गार्डला आधी फोन करून ठेवलाय.